शिडाचा ताण, शरीराचा ताण

सिंदेवाहीच्या भातपट्ट्यात बाजेची दोरी सैल पडली की कंबर बोलू लागते, हे घरोघरी ठाऊक आहे. बाजेने सोडलेला ताण पाठीला उचलावा लागतो. वाऱ्यावर शिडाची फळी हाकण्याच्या खेळात, म्हणजे विंडसर्फिंगमध्येही हाच नियम लागू पडतो. १९८४ पासून हा खेळ ऑलिंपिकमध्ये आहे. २०२३ साली हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत इबाद अली यांनी त्यात भारताला कांस्यपदक मिळवून दिले. सुट्टीत गोव्याला जाणारी कुटुंबे दोनापावलाच्या बाजूला त्याची ओळख करून घेऊ शकतात.

नवशिक्याचे हात भरून येतात, तेव्हा दोष दंडांच्या ताकदीला दिला जातो. पुष्कळदा कारण शिडाच्या बांधणीत असते. शीड खालच्या बाजूस पुरेसे ओढलेले नसेल, तर वाऱ्याच्या झोतासरशी त्याची ओढ मागे सरकते आणि मनगट, कोपर व कंबर यांना हिसके बसतात. ते योग्य ताणले असता वरची मागील कड किंचित सैल होते. झोत येताच ती उघडते आणि जादा वारा निसटून जातो.

बांधणीचा क्रम सोपा आहे. शिडावर डोलकाठीची आणि हाताने धरावयाच्या आडव्या दांड्याची, म्हणजे बूमची, लांबी छापलेली असते. शिडावर ४३० सेंमी लिहिले असेल आणि डोलकाठी ४०० सेंमीची असेल, तर तळाची जोडनळी ३० सेंमी वाढवावी. डोलकाठीच्या सांध्यातील वाळू पुसून ती शिडात सरकवावी. मग खालची दोरी बरीचशी ओढून घ्यावी, बूम साधारण खांद्याच्या उंचीवर बसवावा आणि खालचा ताण पूर्ण करावा. शिडाचे मागचे टोक बूमच्या टोकाशी बांधणारी दोरी सर्वांत शेवटी, अगदी थोडी ओढावी. लहान मुलांच्या साध्या शिडांना कड इतकी सैल सोडावी लागत नाही. त्यांच्याबाबत प्रशिक्षकाचे मार्गदर्शन घ्यावे.

दोरी ओढतानाच पाठ दुखावण्याचा धोका अधिक. उभ्याने वाकून हिसका देऊ नये. जमिनीवर बसून एक पाय डोलकाठीच्या तळाशी टेकवावा, पाठ सरळ ठेवावी आणि पायाच्या जोराने ढकलत ओढावे. दोरी हाताच्या बोटांभोवती गुंडाळू नये. ती मुठीच्या दांड्याला गुंडाळावी. कंबरेचा किंवा खांद्याचा जुना विकार असल्यास आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

चुकीच्या ताणाचा खरा धोका किनाऱ्यापासून दूर गेल्यावर कळतो. थकलेले हात शीड पाण्यातून उचलू शकत नाहीत आणि जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा वारा फळीला आत नेतो. म्हणून जीवरक्षक जॅकेट अनिवार्य. असा वारा असताना मुलांना पाण्यात उतरू देऊ नये. दमल्यास फळीवरच थांबून मदत मागावी, फळी सोडून पोहू लागू नये.

खेळ संपल्यावर आधी बूमची दोरी, नंतर खालची दोरी सोडावी. शीड गोड्या पाण्याने धुऊन, वाळवूनच गुंडाळावे. त्यानंतर खांदे आणि मनगटे सावकाश फिरवून मोकळी करावीत. दोऱ्यांप्रमाणेच स्नायूंनाही ताणानंतर सैल होण्याची गरज असते.