वारा शिरतो तो पडवीतून

दापोली तालुक्याच्या आतल्या अंगाला, डोंगराला टेकलेली वीसेक घरांची वाडी. मे सरत आलाय आणि एका घराची शाकारणी चालली आहे. काका वळचणीपासून आढ्याकडे सरकतायत. कौल उचलायचं, खालचा पालापाचोळा झाडायचा, बोटाने टिचकी मारायची. खणखणीत वाजलं तर परत रिपेवर, बद्द वाजलं तर खाली. बद्द वाजणाऱ्या कौलात नजरेला न दिसणारी चीर असते.

"पाणी कुठूनही येईल, पण वारा ह्या इथून उचलतो," वळचणीच्या ओळीवर हात ठेवून काका म्हणाले.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाने आलं. वाडीत त्या दुपारी कौलं गेली ती सुटी सुटी, पत्रे गेले ते अख्खे. छपरावरून सुसाट जाणारा वारा छप्पर वर ओढतो आणि पडवीतून आत घुसलेला वारा खालून रेटतो. कौलांच्या फटींतून हा दाब निसटतो. पत्र्याला फट नाही. तरी पत्र्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही. शाकारणारे हात मुंबईला गेलेत, चांगलं कौल मिळत नाही, पत्राच येणार. मग निदान त्याचे हुक गंजलेत का ते मे महिन्यात बघावं, वळचणीकडे ते जवळजवळ मारावेत आणि वासे भिंतीशी तारेने आवळावेत. वाळूच्या गोण्या वर टाकल्या की झालं, ही समजूत मात्र सोडावी. छपराबरोबर त्याही खाली येतात.

वादळात आणखी एक फसगत होते. मध्येच वारा पडतो आणि माणसं उडालेलं गोळा करायला बाहेर येतात. केंद्र डोक्यावरून जात असेल तर थोड्या वेळाने वारा उलट्या दिशेने सुटतो, आणि अर्धवट मोडलेल्या फांद्या तेव्हा पडतात. खाली आलेल्या तारेच्या जवळपासही जायचं नाही, वीज गेलेली असली तरी.

घरामागे वहिनी चर मोकळा करत होत्या. दरडीवरून येणारं पाणी घराच्या पायाकडे न येता बाजूने पऱ्याला जावं म्हणून हा चर. त्यांची खरी नजर वर असते. जमिनीला नवी भेग, कलता पोफळीचा खांब, अचानक घट्ट बसू लागलेलं दार, कोरड्या जागी फुटलेला झरा. "पऱ्याचं पाणी लाल झालं तर नेहमीचंच. पण पाऊस चालू आणि पऱ्या आटला, तर समजायचं वर काहीतरी अडलंय. मग भांडी आवरत बसायचं नाही."

२२ जुलै २०२१ ला महाडजवळचं तळीये दरडीखाली गाडलं गेलं. १९ जुलै २०२३ ला रात्री खालापूरची इर्शाळवाडी गेली. तिथे रस्ताच नव्हता, मदतीला निघालेली माणसं पायी चढून गेली. इर्शाळवाडी धोक्याच्या गावांच्या यादीत नव्हती. म्हणून "आमचं नाव यादीत नाही" हे उत्तर वाडीने आता स्वतःलाही देऊ नये. निघायचं ते उजेड असताना, मोबाइलला रेंज असेपर्यंत.

निघून जायचं कुठे? गावातली पक्क्या स्लॅबची इमारत म्हणजे शाळा. निसर्ग आलं जूनच्या सुरुवातीला, तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेलं मे २०२१ मध्ये. दोन्ही वेळा शाळा बंद, आणि शाळेची चावी तालुक्याच्या गावी राहणाऱ्या गुरुजींकडे. वाडीने दोनदा अर्ज केला, उत्तर आलं नाही. मग पोलीसपाटलांनी गुरुजींशीच बोलून दुसरी चावी करून घेतली. ती आता शाळेला लागून असलेल्या घरात, दाराआडच्या खुंटीला असते, आणि घर बंद करून कोणी गावाला निघालं की ती शेजारच्या घरी जाते. बॅटरी, काडेपेटी, चार दिवसांची औषधं आणि कागदपत्रांची प्लास्टिकची पिशवी ज्याची त्याने आणायची, एवढं बैठकीत ठरलंय. आजींना कोण उचलून नेणार, तेही.