लांडगा चावला तरी लस हवीच

"लांडगा चावलाय साहेब, कुत्रा नाही. मग इंजेक्शन कशाला?" एका मेंढपाळाने विचारले. कारण रेबीजचा विषाणू दोघांच्याही लाळेतून पसरतो.

पुणे, सोलापूर, अहिल्यानगरच्या माळरानावर लांडगा माणसाच्या शेजारीच जगतो. दिवसा गवतात, ओढ्याकाठी दडतो. अंधार पडला की फिरतो. ससे, उंदीर, काळवीट मिळाले नाहीत तर शेळ्या-मेंढ्या, मेलेली जनावरे खातो. माळ नांगरले गेले, तसा तो गावाजवळ येतो आणि मोकाट कुत्र्यांशी त्याची गाठ पडते. त्यांच्याकडून त्याला रेबीज आणि डिस्टेंपर हे रोग होऊ शकतात. एरवी माणसाला टाळणारा हा प्राणी पिसाळला की एकामागोमाग अनेकांना चावतो. मग संतापलेल्या गावाकडून निरोगी लांडगेही मारले जातात. खरे तर १९७२ च्या कायद्याने त्यांना संरक्षण आहे.

चावा बसताच जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवा. हळद, चुना, तिखट लावू नका. त्याच दिवशी रुग्णालयात या. रक्त आले असेल तर लसीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही द्यावे लागते. लसीचे सगळे डोस पूर्ण करा. लक्षणे दिसू लागल्यावर रुग्ण जवळजवळ कधीच वाचत नाही.

आणि वाड्यावरच्या कुत्र्यांना दरवर्षी रेबीजची लस टोचून घ्या. त्यात मेंढपाळाचे, मेंढरांचे आणि लांडग्याचेही रक्षण आहे.