‘तटस्थ’ तार : जनित्रावर चालणाऱ्या समाजमंदिरातील वीजजोडणीविषयी

विजेच्या व्यवहारातील मराठी शब्द काही अंशी कारागिरांच्या तोंडी घडले, तर काही पाठ्यपुस्तकांसाठी घडविण्यात आले. प्रवाहाच्या मार्गासंबंधी या शब्दांतून जे सूचित होते ते पुष्कळदा यथार्थ नसते. सार्वजनिक पुरवठ्यावरील घरात यामुळे सहसा बिघडत नाही. कारण उगमाकडील जोडणी वीजमंडळाने रोहित्रापाशी आधीच केलेली असते. गावाच्या समाजमंदिराला स्वतःचे जनित्र बसविले, की ती जबाबदारी गावाकडे येते आणि शब्दांची दिशाभूल महाग पडू शकते.

‘लाईट गेली’ हा प्रयोग प्रथम घ्यावा. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, तेव्हा अनेक गावांचा पुरवठा कित्येक दिवस बंद राहिला. अशा वेळी जनित्राची तार भिंतीतील एखाद्या सॉकेटमध्येच खुपसण्याचा मोह होतो. लाईट गेली म्हणजे बाहेरच्या तारा मृत, हे त्यामागील गृहीत होय. मेन स्विच चालू राहिला असेल तर जनित्राची वीज उलट वाटेने खांबावर जाते. रोहित्र दोन्ही दिशांनी चालते : ११,००० व्होल्टचा दाब उतरविणारे तेच यंत्र उलट दिशेने आलेला २३० व्होल्टचा दाब हजारो व्होल्टपर्यंत चढविते, आणि त्या वेळी तुटलेली तार जोडणारा लाइनमन खांबावर असतो. म्हणून जनित्र आणि बाहेरचा पुरवठा ही दोन्ही एकाच वेळी जोडलीच जाऊ शकणार नाहीत, असा चेंजओव्हर स्विच ही आराखड्यातील पहिली वस्तू. जनित्र इमारतीबाहेर, खिडक्यांपासून दूर असावे हे वेगळे सांगणे नको; त्याचा धूर प्राणघातक असतो.

हा स्विच फेजबरोबर न्यूट्रलही तोडणारा हवा. येथे पाठ्यपुस्तकांतील ‘तटस्थ तार’ आड येते. तटस्थ म्हणजे काठावर उभा असलेला. ही तार तर ऐन प्रवाहात असते. एकफेजी जोडणीत फेजमधून जितका प्रवाह जातो तितकाच न्यूट्रलमधून परततो. तिचा दाब जमिनीइतका राहतो तो तिच्या स्वभावामुळे नव्हे. उगमापाशी कोणीतरी तिला जमिनीशी जोडलेले असते म्हणून. लहान जनित्रांत पुष्कळदा ही जोडणी नसते. मग एखाद्या पंख्याच्या सांगाड्यात वीज उतरली तरी तिला परतीची वाट मिळत नाही, आणि ३० मिलिअँपिअरच्या गळतीवर पुरवठा तोडणारी आरसीसीबी स्वस्थ बसते. पहिला दोष असा अबोल राहतो. दुसरा झाला की माणसाचे शरीर ही वाट ठरू शकते.

सर्वांत घोटाळ्याचा शब्द ‘अर्थिंग’. बोलण्यात त्याचा अर्थ खड्डा, त्यातील पट्टी, मीठ आणि कोळसा एवढाच होतो. समजा, जनित्राच्या न्यूट्रलसाठी एक खड्डा आणि समाजमंदिरातील उपकरणांसाठी दुसरा खड्डा खणला, आणि दोहोंमध्ये फक्त माती आहे. कोकणातील जांभ्याच्या कोरड्या जमिनीत प्रत्येकी १० ओहम रोध ही चांगलीच कामगिरी म्हणावी लागेल. दोष घडताच २३० व्होल्ट भागिले २० ओहम, म्हणजे ११.५ अँपिअर वाहतील. ३२ अँपिअरची एमसीबी ढिम्म हलणार नाही, आणि पंख्याचा सांगाडा ११५ व्होल्टवर तसाच उभा राहील. दोन्ही खड्डे तांब्याच्या हिरव्या तारेने जोडले की परतीचा रोध ओहमच्या अंशांवर येतो. रक्षण करते ती ही तार. खड्डा तिचा साहाय्यक.

तेवढ्यानेही एमसीबीवर विसंबता येत नाही. १० केव्हीएचे एकफेजी जनित्र पूर्ण भाराला सुमारे ४३ अँपिअर देते. शॉर्टसर्किट झाले तरी पहिला क्षण सरल्यावर त्याच्या तिप्पट, म्हणजे १३० अँपिअर टिकले तर पुष्कळ, लहान यंत्रे तेवढेही देत नाहीत. ‘सी’ प्रकारच्या ३२ अँपिअर एमसीबीला तत्काळ तुटण्यासाठी किमान १६० अँपिअर लागतात. सार्वजनिक पुरवठ्यासाठी योग्य असलेला तक्ता जनित्रावर म्हणूनच अपुरा पडतो, आणि आरसीसीबी ही चैन न राहता गरज होते.

न्यूट्रल आणि हिरवी तार यांची गाठ जनित्रापाशी, आरसीसीबीच्या अलीकडे, एकदाच मारावी. उत्साही वायरमन ती आत बोर्डातही मारतो. मग परतीचा प्रवाह दोन वाटांनी विभागला जातो, आरसीसीबी निष्कारण पडू लागते, आणि कंटाळून कोणीतरी तिला वगळून सरळ जोडणी करून टाकतो. बिघाडापेक्षा ही दुरुस्ती अधिक घातक.

काम पुरे झाल्यावर आरसीसीबीवरील चाचणीचे बटण दाबून समाधान मानण्याची रीत आहे. ते बटण फेज व न्यूट्रल यांच्यातच कृत्रिम असमतोल निर्माण करते. हिरवी तार तुटलेली असो वा जनित्रापाशी गाठच नसो, आरसीसीबी तरीही पडते. खरी चाचणी जनित्र चालू ठेवून, प्रत्येक सॉकेटच्या फेज व अर्थ या दोन टोकांमध्ये परीक्षक यंत्र लावूनच होते.