देश हरवलेले वैमानिक

दुसऱ्या महायुद्धात लंडनच्या आकाशात झालेल्या लढाईशी आपला काय संबंध, असे बुलढाण्याच्या घाटावर बसून कोणी विचारील. संबंध आहे, आणि तो थेट कोल्हापूरपर्यंत येऊन पोचतो.

१ सप्टेंबर १९३९ रोजी जर्मनीने पोलंडवर हल्ला केला. १७ तारखेला पूर्वेकडून रशियाही आत शिरला. देश बुडाला, पण वैमानिक शरण गेले नाहीत. रुमानिया, हंगेरीमार्गे ते फ्रान्समध्ये पोचले आणि १९४० च्या जूनमध्ये फ्रान्स पडल्यावर इंग्लंडमध्ये.

तेथे प्रथम त्यांच्यावर फारसा विश्वास नव्हता. भाषा येत नाही, विमान नवे. पोलंडमध्ये वेग वाढवण्यासाठी थ्रॉटल मागे ओढायचे, इंग्रजी विमानात ते पुढे ढकलायचे! त्यांच्या जुन्या लढाऊ विमानांची चाके कायम खाली असत. आता उतरताना ती आठवणीने खाली सोडायची. हाताला लागलेली सवय मोडणे किती कठीण, हे सायकल शिकलेल्यालाही ठाऊक असते.

३० ऑगस्ट १९४० रोजी ३०३ क्रमांकाची पोलिश तुकडी सरावाचे उड्डाण करीत होती. पाश्केविच या वैमानिकाला शत्रूचे विमान दिसले. तो रांग सोडून तुटून पडला व ते पाडून परतला. शिस्तभंग खराच, परंतु दुसऱ्याच दिवसापासून तुकडीला लढाईत उतरवण्यात आले. त्या लढाईत एकूण १४५ पोलिश वैमानिक लढले. ३०३ तुकडीने शत्रूची १२६ विमाने पाडल्याची नोंद झाली. पुढील संशोधनाने हा आकडा बराच खाली आणला, तरी सर्वांत यशस्वी तुकड्यांत तिची गणना कायम आहे.

याच सुमारास रशियाने पूर्व पोलंडमधील हजारो कुटुंबे सैबेरिया व कझाकस्तानात हद्दपार केली होती. १९४१ मध्ये सुटका झाल्यावर पुरुष पोलिश सैन्यात गेले. स्त्रिया, मुले व वृद्ध यांच्यापैकी सुमारे पाच हजार जण इराणमार्गे कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथील छावणीत आले. १९४३ ते १९४८ या काळात तेथे पोलिश शाळा भरल्या, चर्च उभे राहिले. बाप-भाऊ आघाडीवर आणि घरची माणसे करवीरच्या मातीत, अशी कितीतरी कुटुंबे त्यांत होती.

युद्ध जिंकले, पण १९४५ च्या याल्टा परिषदेनंतर पोलंड रशियाच्या छायेत गेला. ८ जून १९४६ रोजी लंडनमध्ये विजयसंचलन झाले. इंग्लंडच्या बाजूने लढलेल्या पोलिश दलांपैकी बोलावणे आले ते फक्त काही वैमानिकांना. आपल्या इतर बांधवांना वगळले म्हणून त्यांनी ते नाकारले. वळिवड्यातील पुष्कळांनाही मायदेश दिसला नाही. ते इंग्लंड व इतर देशांत पांगले. त्यांच्या रिकाम्या बराकींत फाळणीने उखडलेले सिंधी बांधव आले. तेच आजचे गांधीनगर.

एका निर्वासिताने सोडलेल्या छपराखाली दुसरा निर्वासित यावा! युद्ध कोणी जिंकले, हे इतिहास सांगतो. जिंकूनही घरी कोण परतले नाही, हे मात्र आपण विचारायला हवे.