जुन्या सिंगरच्या दुरुस्तीत पैसे नेमके कुठे जातात?
माळ्यावरची सिंगर जड फिरते म्हणून भंगारात देऊ नका! बहुतेक वेळा आतलं तेल सुकून चिकट झालेलं असतं. सांध्यांत रॉकेलचे थेंब सोडा, चाक हलक्या हाताने मागेपुढे करत राहा, मग पुसून मशीनचं तेल घाला. चामड्याचा पट्टा, बॉबिन भरायच्या चाकाचं रबर, सुई हा खर्च किरकोळ. गोल बॉबिनची १५ क्लास असेल तर उत्तमच, तिचे बरेच सुटे भाग आजही शिलाई मशीनच्या दुकानात मिळतात. २७ किंवा २८ मॉडेलचं लांबट, बंदुकीच्या गोळीसारखं शटल हरवलं असेल तर मात्र जुना बाजार धुंडाळावा लागतो. आणि सोनेरी नक्षीला स्पिरिट अजिबात लावू नका. वरचा लाखेचा थर विरघळतो आणि नक्षी पुन्हा करून घेणं सगळ्यात महागात पडतं.