तो तुमचा कोण लागतो?

संरक्षण अधिकाऱ्याच्या कचेरीत अर्ज घेऊन आलेल्या बाईला नाव, गाव, वय यांच्या पाठोपाठ हा प्रश्न हमखास विचारला जातो. आणि वरकरणी केवळ जाबजबाबाच्या रिवाजातला वाटणारा हा प्रश्नच तिच्यासाठी दार उघडेल की नाही, हे ठरवितो. नवरा, दीर, सासरा, बाप, भाऊ, एकत्र कुटुंबातला चुलता, किंवा लग्नावाचून संसार मांडून ज्याच्याबरोबर ती राहिली तो पुरुष, असे उत्तर आले तर कायदा तिच्या पाठीशी उभा राहतो. ‘शेजारी’, ‘ओळखीतला’, ‘कोणीच नाही’ असे आले, तर तोच कायदा तिला पोलीस ठाण्याची वाट दाखवून मोकळा होतो.

हा कायदा म्हणजे कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५. तो अंमलात आला २६ ऑक्टोबर २००६ रोजी. आणि वकिलांच्या तोंडी त्याचे नाव ‘डी. व्ही.’ असले, तरी लोकांनी त्याला खावटीचा कायदा ठरवून टाकले आहे, ही मला त्याच्यावर झालेली मोठी गैरमेहरबानी वाटते. खावटी हा त्याचा एक भाग. त्याचा प्राण आहे तो १८व्या कलमातील संरक्षण आदेशात. झाल्या कृत्याचा झाडा घेऊन कृत्य करणाऱ्यास शासन करावे, हा फौजदारी न्यायाचा हेतू. येथे मात्र जिच्यावर अत्याचार झाला तिला उद्या त्याच माणसाच्या भीतीवाचून उंबरठा ओलांडता यावा, एवढीच तजवीज करावयाची असते. आपल्या जुन्या दप्तरांत दांडगाई करणाऱ्यास लिहिलेली ताकीदपत्रे आढळतात, तशीच रयतेने निर्धास्त नांदावे म्हणून दिलेली अभयपत्रेही आढळतात. संरक्षण आदेश म्हणजे हे दोन्ही कागद एकावर एक ठेवून केलेली एकच नक्कल होय.

त्या आदेशान्वये न्यायदंडाधिकारी सामनेवाल्यास पुन्हा हिंसा करण्याची किंवा तीस साहाय्य करण्याची मनाई करू शकतात. तिच्या नोकरीच्या जागी, आणि पीडित व्यक्ती मूल असल्यास त्याच्या शाळेत, पाऊल टाकण्याची मनाई करू शकतात. प्रत्यक्ष भेटून, चिठ्ठीने, टेलिफोनवरून वा अन्य कोणत्याही मार्गाने तिच्याशी संपर्क साधण्याची मनाई करू शकतात. इतकेच नव्हे, तर तिला आसरा देणाऱ्या आप्तेष्टांच्या अंगावर जाण्याचीही मनाई करू शकतात. निकड असेल, तर तिच्या प्रतिज्ञापत्रावरून एकतर्फी अंतरिम हुकूमही निघतो. हुकमाची नक्कल तिला विनामूल्य मिळते आणि एक प्रत हद्दीतील पोलीस ठाण्याकडे जाते. हुकूम मोडल्यास मात्र प्रकरण दिवाणी राहत नाही: तो दखलपात्र, अजामीनपात्र गुन्हा ठरतो, एक वर्षापर्यंत कैद वा वीस हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात, आणि तो मोडला गेला हे ठरविण्यास तिची एकटीची साक्षही पुरते.

या कायद्याखालील नियमांत घटना अहवालाचा नमुना दिलेला आहे, तो एकदा सावकाश वाचण्याजोगा आहे. शारीरिक हिंसेचा रकाना संपला की लैंगिक हिंसेचा लागतो, आणि त्यात, कोणतीही आडवळणे न घेता, बळजबरीचा संभोग, अश्लील चित्रे पाहण्याची सक्ती, दुसऱ्यांच्या करमणुकीसाठी केलेला वापर, असे प्रकार ओळीने छापलेले असून लागू असेल त्यासमोर केवळ बरोबरची खूण करावयाची असते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतदेखील अठरा वर्षांवरील पत्नीशी पतीने केलेल्या संभोगास बलात्काराच्या व्याख्येतून वगळलेलेच आहे. तेव्हा ज्या गोष्टीला फौजदारी कायदा नाव देत नाही, तिला हा सरकारी छापील कागद नाव देतो. पण समोर टेबल, टेबलापलीकडे परका माणूस, बाकावर सोबत आलेला भाऊ. अशा बैठकीत मारहाणीपुढे खूण करणारा हात पुढच्या रकान्यावरून तसाच सरकतो. मग अर्जात ‘मारहाण व शिवीगाळ’ एवढेच उतरते आणि वकीलसाहेबही पोटगीच्या आकड्याकडे वळतात.

आता त्या दुसऱ्या उत्तराकडे येऊ. अत्याचार करणारा शेजारी असेल, तर कचेरीतल्या सहकाऱ्याबाबत जी थोडी सोय कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३च्या कायद्याने केली आहे (चौकशी चालू असताना बदली, किंवा तीन महिन्यांपर्यंत रजा), तीही येथे नाही. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्याने २००६ साली नेमकी हीच उणीव भरून काढली: नातेसंबंध नसलेल्या माणसाने अत्याचार केला असला, तरी पीडित व्यक्तीला दिवाणी संरक्षण आदेश मागता येतो आणि त्यासाठी आधी पोलिसांत तक्रार नोंदविलेली असण्याची अट नाही. आपल्याकडे अशा बाईला आडोसा मिळायचा तो बहुधा आरोपीच्या जामिनाच्या अटींतून. म्हणजे गुन्हा नोंदला गेला, अटक झाली आणि जामीन मागितला गेला तर.

या अटींची मजल कुठवर जाऊ शकते, हे मध्य प्रदेशात दिसले. शेजारणीच्या घरात शिरून तिचा लैंगिक छळ केल्याचा आरोप असलेल्या इसमास उच्च न्यायालयाने जुलै २०२० मध्ये जामीन दिला तो या अटीवर, की त्याने ३ ऑगस्टला, राखीपौर्णिमेच्या दिवशी, सपत्नीक मिठाई घेऊन तिच्या घरी जावे, राखी बांधण्याची विनंती करावी, तिच्या रक्षणाचे वचन द्यावे आणि ओवाळणीचे ११,००० रुपये तिच्या हाती ठेवावेत. ‘तो तुमचा कोण लागतो’ या प्रश्नाला ज्या बाईजवळ उत्तर नव्हते, तिच्यासाठी न्यायालयाने उत्तर तयार केले: भाऊ. सर्वोच्च न्यायालयाने १८ मार्च २०२१ रोजी ही अट रद्द केली आणि जामिनाच्या अटींनी आरोपीला पीडितेच्या संपर्कात आणू नये, असे बजावले. तोवर ती राखीपौर्णिमा उलटून साडेसात महिने झाले होते.