दोन तारा की चार?

सर्किट बोर्डावरील चिपांमध्ये एकामागोमाग एक बिट पाठवणाऱ्या, म्हणजे सिरियल, पद्धतींपैकी फिलिप्सने १९८२ मध्ये आणलेली आय-टू-सी ही माहितीची एक आणि क्लॉकची एक अशा दोनच तारांवर चालते, आणि प्रत्येक चिपला सहसा ७ बिटांचा पत्ता असल्याने त्याच तारांवर अनेक सेन्सर जोडता येतात. मात्र चिप तारेवरील व्होल्टेज फक्त शून्यावर खेचू शकते. ते पुन्हा वर नेण्याचे काम पुल-अप रेझिस्टरचे असते, आणि तारांची धारकता, म्हणजे विद्युतभार साठवण्याची क्षमता, वाढली की ही चढण मंदावून वेगाला, जो मुळात सेकंदाला १०० किलोबिट होता, मर्यादा पडते. मोटोरोलाच्या चार तारांच्या एसपीआयमध्ये चिप व्होल्टेज स्वतःच वरखाली करते, त्यामुळे सेकंदाला कित्येक मेगाबिट सहज जातात, पण प्रत्येक जादा चिपला निवडीची वेगळी तार लागते. तापमापक चिपसाठी आय-टू-सी पुरते. रंगीत डिस्प्लेसाठी एसपीआयच घ्यावी.